खाऱ्या पाण्याची वही

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटले की प्रत्येक जण आधी विचारतो, मासे कोणते आणायचे? या वहीत त्याचे उत्तर बरेच उशिरा येईल. पहिला महिना-दीड महिना टाकीत एकही मासा नसतो. नुसते पाणी, वाळू, दगड आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणू. एवढा काळ ज्याला रिकाम्या टाकीसमोर बसवेल त्यानेच हा छंद हाती घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बसणाऱ्याला तो काळ रिकामा वाटत नाही.

✻

टाकी केवढी? छोटी टाकी नवख्याला सोपी, असा सर्वत्र समज आहे. खाऱ्या पाण्यात तो खोटा ठरतो. पाणी जितके थोडे तितके ते लवकर तापते, लवकर जास्त खारट होते आणि दगडाआड मेलेल्या एका गोगलगाईनेही नासते. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच या मापाच्या खाली सुरुवातीला जाऊ नये. हिशेबाने ही ९६ लिटरची टाकी. वर सोडलेली जागा, वाळू आणि दगड वजा जाता प्रत्यक्षात ७५ लिटरच्या आसपास पाणी राहते. पुढचे आकडे याच टाकीचे आहेत.

काच ८ मिलिमीटरची. भरलेली टाकी सव्वाशे ते दीडशे किलोच्या घरात जाते, म्हणून ती भिंतीलगत, सपाट आणि मजबूत स्टँडवर. खिडकीचे थेट ऊन नको.

✻

समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी, एवढ्यावर थांबले की पहिलीच पायरी चुकते. एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वजनाने पाहिले तर त्यात क्लोराइड ५५ टक्के आणि सोडियम ३० टक्क्यांहून थोडे जास्त. उरलेल्या पंधरा टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि आणखी कितीतरी. शंखाचे कवच, कोळंबीची साल, प्रवाळाचा सांगाडा या सगळ्याला लागणारा माल त्या पंधरा टक्क्यांत आहे.

‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून फिरले. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापला: पाणी कुठे जास्त खारट, कुठे कमी, पण मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच. आज दुकानात मिळणाऱ्या सागरी मिठाच्या पिशवीमागे हे तत्त्व आहे. अरबी समुद्रातला मासा असो की पॅसिफिकमधला, एकाच कृतीचे पाणी दोघांना चालते.

✻

मग पेण-उरणकडच्या मिठागरातले खडे मीठ का चालू नये? ते तर समुद्राचेच. हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याचे उत्तर मिठागराच्या बांधावर उभे राहून मिळते. पाणी आटत जाते तसे सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत, पाळीपाळीने बसतात. आधी कॅल्शियम कार्बोनेट, त्यानंतर जिप्सम, मग खाण्याचे मीठ. मॅग्नेशियमचा बहुतेक भाग शेवटच्या कडवट पाण्यात उरतो आणि ते पाणी मिठापासून वेगळे काढले जाते. हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. आमटीला तेच हवे. टाकीला मात्र जे वाटेत गळून गेले तेही हवे असते.

म्हणून मत्स्यटाकीसाठी बनवलेले सागरी मीठच घ्यायचे. लिटरला साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला पावणेतीन ते तीन किलो. सुट्टे, खोलून ठेवलेले मीठ घेऊ नये. ते हवेतला ओलावा ओढते आणि वजनाचा हिशेब चुकतो.

✻

समुद्राकाठी राहणारे विचारतात, डबा घेऊन किनाऱ्यावरूनच पाणी आणले तर? मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि गाळ असतो. पावसाळ्यात खाड्यांच्या मुखाशी खारटपणा फार उतरतो. ते पाणी आज एक, उद्या दुसरे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

✻

गोडे पाणी कोणते घ्यायचे, हा तितकाच मोठा प्रश्न आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरच्या पाण्यात क्षार. तांब्याचा अंश असेल तर तो माशाला कदाचित सोसेल, पण कोळंबी आणि गोगलगाई त्याने मरतात. घरचे आर.ओ. यंत्र उपयोगी पडते, पण बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार परत मिसळण्याची सोय असते. टीडीएस मोजायचे पेनाएवढे यंत्र स्वस्तात मिळते. त्याने एकदा आपल्या आर.ओ.चे पाणी मोजून पाहावे. ४०-५० आकडा पिण्याला उत्तम, टाकीला जास्त. शून्याच्या जवळ जायला आर.ओ.च्या पुढे डी.आय. रेझिनची एक नळी जोडावी लागते. आर.ओ.तून वाया जाणारे पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरावे. सोडून देऊ नये.

✻

मिठाचे पाणी टाकीबाहेर, खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये तयार करायचे. आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे मीठ, आत एक छोटा पंप फिरता. मिठावर पाणी ओतले तर कॅल्शियम पांढऱ्या साक्यासारखे खाली बसते आणि मग विरघळत नाही. रात्रभर फिरू द्यावे. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये. फक्त अगदी पहिल्या भरणीला, टाकी रिकामी असताना, आतच मिसळले तरी चालते.

✻

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. काट्याचे प्लॅस्टिक हायड्रोमीटर स्वस्त असते, पण काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा फसवतो. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवले की ३५ पाशी चूक राहू शकते. आपल्याला हवे ते विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६.

दिव्यावर, देखण्या स्टँडवर, टाकीमागच्या निळ्या कागदावर खर्च करण्याआधी मोजण्याच्या साधनांवर करावा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच यांचा चाचणी-संच, एक थर्मामीटर, एक रिफ्रॅक्टोमीटर. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र, या आकाराच्या टाकीला, मासे मोजके असतील आणि पाणी नेमाने बदलले जात असेल तर, सुरुवातीला लागत नाही.

✻

पाणी उडते, मीठ उडत नाही. ७५ लिटरमधले ३ लिटर पाणी उडून गेले आणि आपण लक्ष दिले नाही, तर ३५ चा खारटपणा साडेछत्तीसवर जातो. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीतून एवढे पाणी दोन-तीन दिवसांत जाऊ शकते. भरपाई करायची ती गोड्या आर.ओ. पाण्याने, मिठाच्या पाण्याने नव्हे. काचेवर पाण्याच्या पातळीशी एक बारीक खूण करावी आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत पाणी ओतावे. सगळ्या देखभालीत सर्वांत महत्त्वाचे काम हे आहे. नवख्यांच्या टाक्या यात चुकतात, आणि दोष माशाला किंवा दुकानदाराला दिला जातो.

✻

ॲना थिन या इंग्रज बाईंची गोष्ट या छंदातल्या प्रत्येकाला माहीत असावी. १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून त्यांनी दगडी प्रवाळाचे जिवंत नमुने लंडनला घरी आणले. लंडनपासून समुद्र लांब, पाणी मिळणार कुठून? तेव्हा ना पंप, ना वीज. मग रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, म्हणजे त्यात हवा खेळेल. हे काम बहुतेक त्यांची मोलकरीण करीत असे. ते प्रवाळ जगले, वाढले. आणि त्यावरच्या नोंदी १८५९ मध्ये छापून आल्या. मोलकरणीचे नाव मला कुठे वाचायला मिळालेले नाही. समुद्रातले प्राणी घरात जगवता येतात हे ज्या हातांनी दाखवले त्यांत तिचेही हात होते. आज तेच काम वेव्हमेकर करतो.

✻

वेव्हमेकर म्हणजे पाणी ढकलणारा छोटा पंखा. टाकीतले पाणी तासाला निदान वीस वेळा फिरेल इतकी त्याची ताकद असावी; म्हणजे आपल्याला ताशी १५०० लिटरचा. त्याचे तोंड थोडे वर, पृष्ठभागाकडे ठेवावे. पृष्ठभाग हलता राहिला की प्राणवायू आत जातो. गोड्या पाण्याच्या टाकीतून आलेल्यांना हा प्रवाह फार वाटतो. खडकाळ समुद्रातल्या माशांना तो घरचा असतो.

✻

फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये इंग्लंडमध्ये घरगुती मत्स्यालयावर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रपाणी करण्याची कृतीही दिली. त्या पुस्तकाने इंग्लंडला वेड लावले. घरोघरी काचेच्या टाक्या आल्या आणि डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी लोकांनी बरण्या भरभरून ओरबाडून नेली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ मधल्या आत्मकथनात त्याबद्दल खेद लिहून ठेवला आहे: वडिलांनी ज्या सौंदर्याकडे बोट दाखवले, तेच त्या बोटामुळे उजाड झाले. छंद सुरू होऊन तेव्हा पन्नास-साठ वर्षेच झाली होती. हा इतिहास माहीत असताना आपण तेच करणे मला अक्षम्य वाटते.

✻

म्हणून दगडांबद्दल सविस्तर.

टाकीत दगड शोभेसाठी नसतात. त्यांच्या छिद्रांत जीवाणू राहतात आणि तेच खरे फिल्टर. परदेशी पुस्तकांत ‘लाइव्ह रॉक’ वापरा असे असते, म्हणजे समुद्रातून उचललेले, जीवांनी भरलेले प्रवाळखडक. भारतात तो विचार डोक्यातून काढून टाकावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. वाघ त्याच अनुसूचीत आहे. समुद्रघोडेही याच कायद्याने संरक्षित आहेत. किनाऱ्यावरच्या शोभेच्या दुकानात दिसणारा पांढरा, मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा विकत घेऊ नये. अनुसूची १ मधल्या जीवांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे.

कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी हे प्रवाळ आपल्या दारातले आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात आंग्रिया बँक आहे. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही प्रवाळ वाढतात. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या खडकांवर हलवाव्या लागल्या. एवढा मोठा रस्ता बांधणाऱ्यांना जे विचारावे लागले, ते आपण पिशवीत घालून घरी आणायचे कसे?

वापरायचे काय? मत्स्यटाकीसाठी मुद्दाम केलेले सिरॅमिकचे किंवा सिमेंट-चुनखडीचे छिद्राळ दगड. कोरडे, स्वच्छ, त्यात काही जिवंत नसलेले. जीवाणू महिन्याभरात वस्तीला येतात. कोकणातल्या माणसाला जांभ्याचा मोह होईल, कारण त्याला छिद्रे असतात. जांभा लोहाने भरलेला असतो, तो नको. काळा पाषाण घट्ट असतो, त्यात जीवाणूंना जागा नाही.

✻

वाळू ॲरागोनाइटची, म्हणजे चुनखडीची. दोन-तीन सेंटिमीटरचा थर पुरे. किनाऱ्यावरची आणू नये; रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवरची काळसर वाळू तर इल्मेनाइटची, म्हणजे लोह-टायटॅनियमच्या खनिजाची असते.

✻

आता तो रिकामा वाटणारा महिना.

माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोड्या प्रमाणात सोसण्यासारखे असते. नव्या टाकीत हे दोन्ही जीवाणू नगण्य असतात. त्यांना वाढवायचे तर त्यांना खायला अमोनिया द्यायचा, माशांशिवाय. मत्स्यटाकीसाठीचे अमोनियाचे द्रावण मिळते. त्याने लिटरला २ मिलिग्रॅम एवढी पातळी करावी. ते नसेल तर कोळंबीचा एक तुकडा जाळीत घालून टाकीत कुजू द्यावा. बाटलीतले जीवाणू घातले तर वेग वाढतो.

मग रोज नाही, पण दिवसाआड मोजत राहायचे. आधी अमोनिया वर चढतो आणि उतरतो. तो उतरताना नायट्राइट चढते. ते बरेच दिवस चढलेले राहते आणि नवख्याचा धीर इथेच सुटतो. एक दिवस तेही उतरते. मग पुन्हा २ मिलिग्रॅम अमोनिया द्यायचा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली. याला चार ते सहा आठवडे लागतात. यानंतर निम्मे पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचे.

वहीत तारीख आणि आकडे लिहावेत. त्या चढ-उताराचा आलेख काढून पाहावा. काचेपलीकडे काहीच दिसत नसताना आत कोणीतरी कामाला लागले आहे, हे त्या रेषांतून कळते. मला या छंदातला सर्वांत मोठा आनंद तिथे मिळाला.

✻

खाऱ्या पाण्यात घाई जास्त महाग का पडते, त्याचे रासायनिक कारण आहे. पाण्यातल्या अमोनियाचा एक भाग विषारी रूपात आणि बाकीचा बऱ्याच अंशी निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. पीएच ७ असेल तर विषारी भाग शंभरात एकाहूनही कमी. समुद्राच्या ८.२ च्या आसपासच्या पीएचला तो दहापटीने वाढतो. गोड्या पाण्याच्या टाकीत ‘एक टिकाऊ मासा आधी सोडून बघा’ हा सल्ला पूर्वी चालून जायचा. इथे तो क्रूर आहे. तो देणाऱ्याचे ऐकू नये.

✻

टाकी तयार झाल्यावर थोड्याच दिवसांत वाळूवर, काचेवर, दगडांवर तपकिरी साय धरते. हे डायाटम. नव्या वाळूतले आणि पाण्यातले सिलिकेट संपले की ते आपोआप जातात. त्यानंतर हिरवे शेवाळ येऊ शकते. या वेळी औषधे ओतू नयेत आणि टाकी रिकामी करून धुऊ तर मुळीच नये. दिवा रोज सात-आठ तासच ठेवावा, काच पुसावी आणि चार-पाच शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगाई सोडाव्यात: ट्रोकस, नेराइट, सेरिथ. टाकीतले पहिले रहिवासी हेच असावेत.

✻

उष्णता. युरोप-अमेरिकेतली पुस्तके हीटर कुठला घ्यावा यावर पाने खर्च करतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. टाकीला हवे २४ ते २७ अंश, आणि मे महिन्यात बंद घरातले पाणी ३१-३२ वर जाते. पृष्ठभागावर तिरपा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत हे छान चालते, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत कमी. चिलर महाग असतो आणि वीज खातो. आपण पुढे सोडणार तो क्लाउनफिश मासा २८-२९ पर्यंत काढतो. एकदम चढ-उतार मात्र त्याला बाधतो, म्हणून एसी रात्री चालू आणि दिवसा बंद असलेल्या खोलीत टाकी ठेवणे मला पसंत नाही.

थर्मामीटर रोज पाहायची सवय लागली की समुद्राच्या बातम्याही वेगळ्या वाचल्या जातात. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादाच अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या आतले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपला हे झाले. २०२४ मध्ये पुन्हा झाले. तिथे पंखा लावता येत नाही.

✻

वीज गेली की पहिला धोका प्राणवायूचा. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात पावणेसात. पाणी तापले तर आणखी कमी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा, सेल घालून तपासलेला. घरी इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकर त्यावर घ्यावा. दिव्याची गरज नाही. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते हे तर आधीच माहीत असते; त्या सकाळी माशांना खायला घालू नये.

✻

मीठ आणि वीज जवळजवळ आहेत, हे विसरू नये. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. गळती झाली की वीज तोडणारा आर.सी.सी.बी. त्या लाइनवर असायलाच हवा. हात आत घालण्याआधी बटणे बंद.

✻

डासांचा फवारा, मच्छर-वडीचा धूर, भिंतीवरच्या यंत्राची वाफ: यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली औषधे असतात. माणसाला ती फारशी बाधत नाहीत. मासे आणि कोळंबी यांना अगदी थोडी मात्राही जीवघेणी ठरते. हवेचा पंप ती थेट पाण्यात ओढून नेतो. टाकीच्या खोलीत जाळ्या लावाव्यात, हाच उपाय. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी त्या खोलीला वगळायला सांगावे.

✻

आता मासे. ७५ लिटरला दोन क्लाउनफिश. महिन्या-दोन महिन्यांनी हवा तर एक छोटा गोबी किंवा फायरफिश. बस्स. चौथा मासा नको.

क्लाउनफिश यासाठी, की तो काटक आहे, कोरडे खाद्य खातो, फार दूर पोहत नाही, आणि मुख्य म्हणजे हॅचरीत जन्मलेला मिळतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने भारतात त्याच्या प्रजननाचे तंत्र बसवले. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाच्या ऐरोली येथील केंद्रात सागरी शोभिवंत माशांची हॅचरी आहे. दुकानात विचारावे: हा मासा हॅचरीतला का समुद्रातला? उत्तर देता येत नसेल तर मासा घेऊ नये. समुद्रातून पकडलेल्या शोभिवंत माशांच्या व्यापाराला काळी बाजू आहे. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून खडकांवर सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडले गेले. मासा काही आठवड्यांनी आपल्या टाकीत कारण न कळता मरतो, आणि मागे राहिलेला प्रवाळही मरतो.

दोन क्लाउनफिश घेताना दोन्ही लहान, पण एक दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा घ्यावा. या जातीत पिले आधी नर होतात. जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो. मादी गेली तर उरलेला नर मादी होतो. जोडी जमली की दगडावर नारिंगी अंडी दिसतील. नर त्यांच्यावर पंख हलवत राहतो आणि आठवडा-दहा दिवसांनी, अंधार पडल्यावर, पिले फुटतात. नीट ठेवलेला क्लाउनफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. घरातल्या मुलासाठी टाकी घेत असाल तर हा हिशेब आधी करावा. मूल कॉलेजात जाईल तेव्हाही मासा असेल.

समुद्रफुलाशिवाय क्लाउनफिश राहतो. समुद्रफुलाला प्रखर प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते. पहिल्या वर्षी त्याचे नाव काढू नये.

✻

कितीही सुंदर दिसले तरी आणू नयेत असे:

निळा टँग. एका लोकप्रिय चित्रपटामुळे मुलांना हवा असतो. पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरचा होतो. बंदिस्त जागी त्याची पिले वाढवणे २०१६ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा जमले. बाजारातला बहुतेक माल अजून समुद्रातलाच.

मँडरिन. जिवंत, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड दिवसभर टिपत राहतो. छोट्या टाकीत ते पुरत नाहीत आणि मासा हळूहळू उपासमारीने मरतो.

क्लीनर रास. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. आपल्या टाकीत तो काय खाणार?

समुद्रघोडा. त्याबद्दल कायदा बोललाच आहे.

✻

नवा मासा थेट टाकीत सोडायचा नाही. आधी वेगळ्या २०-३० लिटरच्या साध्या टाकीत चार आठवडे. सागरी पांढरे ठिपके, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीचा रोग, एकदा मुख्य टाकीत शिरला की त्याच्या गाठी वाळूत आणि दगडांत दडतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. तांब्याचे औषध या रोगावर चालते, पण ते फक्त वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत घातले की गोगलगाई आणि कोळंबी गेल्याच.

पिशवीतल्या माशाला नव्या पाण्याची सवय ठिबक पद्धतीने द्यावी: बादलीत मासा, आणि टाकीतून बारीक नळीने थेंब थेंब पाणी. दुकानातले पाणी टाकीत ओतू नये.

✻

खाणे दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. बाजारातली कोळंबी साल काढून, बारीक चिरून, गोठवून ठेवली तर चांगली. पण फक्त तीच नको, सागरी माशांचे दाणेही द्यावेत. पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, ‘घाल जरा’ म्हणून डबा हातात देऊ नये.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. काच पुसावी. चाचणी करून वहीत लिहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. चार-पाच दिवस गावाला जायचे तर शेजाऱ्यांना रोजचे पाणी भरायला सांगावे आणि खाद्याच्या पुड्या दिवसांप्रमाणे करून द्याव्यात.

✻

रत्नागिरीला जाणे झाले तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहावे. टाकी घेण्याआधी पाहावे हे बरे. तिथल्या माशांसमोर निवांत उभे राहिले की आपल्याला घरी टाकी हवी आहे की असे अधूनमधून पाहणे पुरे आहे, हे कळते. पुरे वाटले तर तोही चांगला निर्णय आहे.

✻

शेवटची नोंद, छंद सोडण्याबद्दल. बदली होते, घर लहान पडते, प्रकृती साथ देत नाही; टाकी मोडावी लागते. त्या वेळी ‘समुद्राचे समुद्राला’ म्हणून मासे खाडीत सोडण्याची इच्छा होते. ती दयेतून येते, पण तिचे परिणाम भयंकर आहेत. हिंद आणि पॅसिफिक महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा नोंदला गेला. हौशी लोकांनी सोडलेल्या माशांपासून त्याची सुरुवात झाली असे मानले जाते. एक मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते. आज तो सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरला आहे आणि तिथले छोटे मासे फस्त करतो. कॉलर्पा हे मत्स्यटाकीतले शेवाळ १९८४ मध्ये मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात चौरस मीटरभर दिसले. पुढे ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर फैलावले.

मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या, दुकानात परत द्या. दगड आणि वाळू उकळून, वाळवून ठेवा. टाकीचे पाणी सांडपाण्याच्या मोरीत ओता. बागेत नको, मिठाने झाडे जळतात. आणि टाकीतला कोणताही जीव, शेवाळाचा तुकडासुद्धा, खाडीत किंवा समुद्रात सोडू नका.